न जन्मलेल्या माशांचा हिशेब

मृगाच्या पहिल्या सरी नुकत्याच कोसळून गेल्या होत्या. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीतून बाहेर पडत असता एक गृहस्थ दाराशी थांबलेले दिसले. वसईच्या किनाऱ्यावरील एक कोळी घर हे त्यांचे मूळ. नोकरीच्या निमित्ताने ते ठाण्याच्या खाडीकाठी येऊन स्थायिक झाले आणि नवी मुंबईतील पावणे येथील औद्योगिक पट्ट्यात, शेतीच्या औषधांना लागणारी रसायने बनविणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची सारी वर्षे घालविली. निवृत्ती तोंडावर आली होती. थोडे इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते म्हणाले, “फादर, आमच्या पाण्याची तपासणी होते तेव्हा त्यातले मासे जगतात. कागदावर सगळं बरोबर असतं. पण खाडीत जाळं टाकणारे सांगतात, मोठा मासा कधीमधी मिळतो, पिलं मात्र दिसत नाहीत. मेलेला मासा निदान दिसतो तरी. जो जन्मलाच नाही, तो कुणाला दिसणार? यात माझं पाप किती?”

हा प्रश्न त्यांनी पापनिवेदनात विचारला नव्हता, उघड्यावर विचारला होता, आणि त्याविषयी लिहिण्यास त्यांची संमती आहे. त्या दिवशी आम्ही त्यांना समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. सेमिनरीत आम्हांला पापांचे प्रकार, त्यांच्या पायऱ्या, त्यांच्या कसोट्या हे सारे शिकविले गेले होते. परंतु ज्या हानीला प्रेत नाही, तक्रारदार नाही आणि घटिकेची नोंदही नाही, त्या हानीचे माप कोणत्या मापाने घ्यावे, हे कोणी शिकविल्याचे आठवत नाही. पुढील विवेचन म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराचा एक प्रयत्न आहे.

प्रथम जागा समजून घेऊ. पावणे हे ठाणे–बेलापूर पट्ट्यातील एक जुने गाव. पूर्वेस पारसिकचा डोंगर, पश्चिमेस ठाण्याची खाडी आणि मध्ये सखल जमिनीची चिंचोळी पट्टी, अशी या भागाची ठेवण. १९६० च्या दशकात येथे औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. रसायने, औषधे, रंग, कीटकनाशके यांचे कारखाने आले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि भोवती नवे शहर वसले. आगरी व कोळी कुटुंबांची शेते व मिठागरे गेली, काहींच्या हाती नोकऱ्या आल्या. डोंगरावरून उतरणारे नाले मात्र पूर्वीच्याच वाटेने वाहत राहिले. ते पश्चिमेकडे जातात आणि खाडीला मिळतात. आज या पट्ट्यात सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, तपासणीची व्यवस्था आहे. पूर्वीपेक्षा काही गोष्टी सुधारल्या आहेत, हे मान्य करणे न्यायाला धरून होईल.

सुमारे २६ किलोमीटर लांबीची ही खाडी आता जगाच्या नकाशावर आली आहे. २०१५ मध्ये तिचा एक भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून तिला मान्यता मिळाली. रोहित पक्षी पाहण्यासाठी हौशी लोक दुर्बिणी घेऊन येतात. तथापि खाडीचे खरे कार्य दुर्बिणीतून दिसत नाही. बोय आणि कोळंबी समुद्रात अंडी घालतात, पण त्यांची पिले वाढीसाठी खाडीत शिरतात. जिताडा खाडीच्या मुखाशी निमखाऱ्या पाण्यात अंडी सोडतो आणि त्याची पिले तिवरांच्या मुळांशी आसरा शोधतात. समुद्रातल्या कितीतरी जिवांचे खाडी हे आजोळ आहे असे म्हटले तर वावगे ठरू नये. आणि निवटी तर खाडीची लेकच. चिखलात बीळ करून त्यात ती अंडी घालते. निवटीच्या काही जातींत नर त्या बिळाची राखण करतो आणि तोंडात हवा भरून ती अंड्यांपाशी नेऊन सोडतो. ज्या चिखलात पाय रुतला की आपण नाक मुरडतो, तो चिखल म्हणजे एक पाळणा आहे.

आता विषाचा स्वभाव पाहू. अनेक कीटकनाशके पाण्यात फारशी विरघळत नाहीत. ती चरबीला आणि गाळाला चिकटतात. डीडीटीचा शेतीतील वापर भारताने १९८९ मध्ये थांबविला, बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली, एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. परंतु बंदीच्या कागदाने गाळ धुतला जात नाही. अशी द्रव्ये वर्षानुवर्षे टिकून राहतात. गाळातून ती किड्यांत, किड्यांतून माशांत आणि मादीच्या चरबीतून तिच्या अंड्यात उतरतात.

अंड्यातील पिलाला जन्मानंतरचे पहिले काही दिवस तोंडाने खाता येत नाही. आईने बलकाच्या रूपाने बरोबर दिलेली शिदोरी पोटाशी बांधून ते जगते. या शिदोरीत स्निग्ध पदार्थही असतात आणि विष नेमके तेथेच साठते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात लेक जॉर्ज नावाचे सरोवर आहे. तेथील ट्राउट माशांची अंडी कृत्रिम उबवणकेंद्रात उबविली असता अंडी फुटत, पिले बाहेर पडत, पोहूही लागत आणि मग एकाएकी मरत. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचा उलगडा झाला. आईच्या शरीरातील डीडीटी बलकात उतरले होते आणि बलकाचा शेवटचा अंश शोषला जाण्याच्या सुमारास पिले दगावत होती. अंड्यात दशलक्ष भागांमागे सुमारे ३ भाग एवढे अल्प प्रमाण त्यास पुरेसे होते. आई धडधाकट होती, सरोवर निर्मळ दिसत होते. मरण आले ते आईच्या दानाच्या शेवटच्या घासाबरोबर.

दुसऱ्या प्रकारची कीटकनाशके इतका काळ टिकत नाहीत, म्हणून ती सौम्य मानली जातात. क्लोरपायरीफॉस किंवा मॅलाथिऑन यांसारखी द्रव्ये मज्जातंतूंचे निरोप पोहोचविण्याच्या व्यवस्थेत बिघाड करतात. सायपरमेथ्रिनच्या कुळातील औषधे माणसाच्या शरीरात लवकर विघटित होतात, पण माशाच्या शरीरात ती क्रिया फार मंद असते. त्यामुळे एका लिटर पाण्यात काही मायक्रोग्रॅम एवढे द्रव्यही अनेक माशांना घातक ठरते. त्यातही नुकत्याच जन्मलेल्या पिलाची अवस्था सर्वांत नाजूक. त्याचे कल्ले पुरते घडलेले नसतात, ते त्वचेतूनही श्वास घेते. विष निकामी करणारे यकृत अजून कामाला लागलेले नसते. प्रयोगशाळांतून अशा पिलांचे पाठीचे कणे वाकलेले, हृदयाभोवती पाणी साचलेले, वाताशय न फुगलेले आढळले आहेत. काही पिलांत असे व्यंग दिसतही नाही. ती फक्त किंचित मंद असतात. भक्ष्य हेरण्यात, शत्रूपासून निसटण्यात क्षणभर मागे पडतात. पाण्याच्या जगात तो क्षण पुरेसा असतो. त्यांना दुसराच मासा खातो आणि विषाच्या नावे एकही मृत्यू लिहिला जात नाही.

येथे आमच्या गृहस्थांनी सांगितलेल्या तपासणीचा विचार करणे प्राप्त आहे. पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ मध्ये झाला. त्याखालील नियमांत सांडपाण्यासाठी एक जैविक कसोटी सांगितली आहे. मासे त्या पाण्यात ठेवावेत आणि ९६ तासांनंतर त्यांपैकी ९० टक्के जिवंत असावेत. कसोटी चांगल्या हेतूने घातलेली आहे आणि तिने पुष्कळ अनर्थ टाळलेही असतील. पण ती काय विचारते, हे नीट ऐकले पाहिजे. घडलेला मासा चार दिवस जगतो काय, एवढेच ती विचारते. त्याची अंडी फुटतात काय, पिले पोसली जातात काय, हे ती विचारत नाही. तशी चाचणी अस्तित्वात नाही असेही नव्हे. अंडे फलित झाल्यापासून पिलू स्वतः खाऊ लागेपर्यंत आणि त्यापुढेही कित्येक आठवडे त्याचे निरीक्षण करण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत १९९२ मध्येच मान्य झालेली आहे. नाल्याच्या तोंडाशी मात्र आपण चार दिवसांवर समाधान मानतो.

ही विसंगती आणखी एका ठिकाणी उघड होते. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण हा बहुतेक माशांचा वीण्याचा काळ. कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून आमचे कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत आले. दोन महिने चूल मंदावते, सोसायटीचे कर्ज वाढते, तरी पोटुशी मासळी मारू नये हा संकेत पाळला जातो. आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत पावसाचे पाणी शेतांतील, गटारांतील आणि कारखान्यांच्या आवारांतील द्रव्ये धुऊन खाडीत आणते. गरिबाचे जाळे अंड्यासाठी थांबते, नाला थांबत नाही. नैतिक दृष्ट्या यापेक्षा अधिक स्पष्ट अन्याय दाखविता येणे कठीण आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. निसर्ग स्वतःच अंड्यांची उधळण करतो. एक मादी लाखो अंडी घालते आणि त्यांतील एकदोन पिले मोठी होतात. जेथे लाखो मरणारच आहेत, तेथे आणखी काही हजार मेली तर काय बिघडले? आमच्या मते या युक्तिवादात दोन चुका आहेत. पहिली हिशेबाची. लाखातून दोनच जगत असतील तर ती दोन हाच साऱ्या वंशाचा आधार ठरतो. त्यांतील एक गेले की वंश निम्म्यावर येतो. दुसरी चूक अधिक खोल आहे. निसर्गात जे पिलू मरते ते दुसऱ्याचे अन्न होते. त्याच्या मरणाने कोणीतरी जगतो. विषाने मेलेले पिलू खाणाऱ्याला विषच देते. मृत्यू सृष्टीच्या व्यवस्थेत आहे म्हणून मारण्याची मुभा मिळत नाही. पूर्वी आमच्या गावांत देवीच्या साथीने कितीतरी मुले दगावत. म्हणून मुलांची हेळसांड करणाऱ्याला कोणी निर्दोष ठरविले नाही.

येथे वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून एक भेद स्पष्ट करतो. माशाचे अंडे आणि मानवी गर्भ यांची प्रतिष्ठा आम्ही समान मानीत नाही. ख्रिस्तसभेची शिकवणही तशी नाही. मासे मानवाच्या अन्नासाठी आहेत आणि पुनरुत्थित प्रभूने स्वतः आपल्या शिष्यांसाठी सरोवराच्या काठी विस्तवावर मासे भाजले. परंतु पवित्र शास्त्राच्या अगदी पहिल्या पानावर एक गोष्ट आहे, जिच्याकडे आमचे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने उच्चारलेला पहिला आशीर्वाद मनुष्याला दिलेला नाही. तो पाचव्या दिवशी जलचरांना आणि पक्ष्यांना दिला आहे, आणि तो आशीर्वाद फलद्रूप होऊन पाणी भरून टाकण्याचा आहे. मनुष्याचा आशीर्वाद त्यानंतरचा. तेव्हा जाळे टाकून मासा धरणारा त्या आशीर्वादाचे फळ खातो. पण जो माशाला जगू देऊन त्याची वीण खुंटवितो, तो आशीर्वादालाच हात घालतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात असे प्रतिपादन केले, की देवाचा चांगुलपणा कोणत्याही एका प्राण्यात मावणारा नाही, म्हणून त्याने नाना प्रकारचे प्राणी निर्माण केले. एखादी जात खाडीतून नाहीशी होते तेव्हा त्या चांगुलपणाची एक खूण पुसली जाते, असा याचा अर्थ होतो.

आता मूळ प्रश्न: पाप कोणाचे आणि किती? नीतिशास्त्रज्ञांचे आश्रयदाते संत आल्फोन्स लिगोरी यांच्या परंपरेत दुसऱ्याच्या दुष्कृत्यातील सहकार्याचे बारकाईने वर्गीकरण केलेले आहे. एक सहकार्य मनाने केलेले असते, ज्यात आपण त्या दुष्कृत्याला अनुमोदन देतो. दुसरे केवळ हाताने केलेले. हाताचे सहकार्यही जवळचे किंवा दूरचे असू शकते. आणि पोटासाठी, नाइलाजाने केलेले दूरचे सहकार्य पुष्कळदा क्षम्य ठरते. या मापाने पाहता जो मालक जाणूनबुजून, खर्च वाचावा म्हणून रात्री नाल्यात पाणी सोडील, त्याचे पाप भारी. जो अधिकारी पाहून न पाहिल्यासारखे करील, त्याचेही हलके नव्हे. वरिष्ठाच्या हुकमाने यंत्र चालविणारा कामगार त्यांच्या पंक्तीला बसत नाही. हे आम्ही त्या गृहस्थांना निश्चितपणे सांगू शकतो.

पण एवढ्यावर थांबलो तर आम्ही त्यांची आणि स्वतःची फसवणूक करू. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या विश्वपत्रात ‘पापाच्या संरचना’ ही कल्पना मांडली आणि त्या संरचनांचे मूळ व्यक्तींच्या पापात असते, असेही बजावले. ही संरचना पावण्याच्या फाटकाशी संपत नाही. तेथे बनलेली द्रव्ये कोठे जातात? ती बाटल्यांतून कृषी सेवा केंद्रांत येतात आणि तेथून आपल्या वाड्यांत. या त्रैमासिकाचे कितीतरी वाचक बागायतदार आहेत. भेंडीवर, वांग्यावर, मोगऱ्यावर फवारणी करताना बाटलीवर लिहिलेल्या मापाऐवजी ‘थोडं जास्तच बरं’ असे म्हणून आपणही टोपणभर अधिक ओततो. पंप ओढ्यावर धुतो. रिकाम्या बाटल्या बांधावर टाकतो. संध्याकाळी पाऊस येणार हे ढग पाहून कळत असतानाही सकाळी फवारतो. तो ओढा शेवटी खाडीलाच मिळतो आणि त्या खाडीवर आपल्याच धर्मग्रामातील कोळी कुटुंबे जगतात. एकाच कम्युनियन रांगेत वाडीवाला आणि वाघरीवाला मागेपुढे उभे असतात. आणि जो शहरी ग्राहक कीड नसलेले, डाग नसलेले वांगेच मागतो, तोही या साखळीचा एक दुवा आहे.

मिस्साबलिदानाच्या प्रारंभी आपण केलेल्या कृत्यांबरोबर न केलेल्या कृत्यांचीही क्षमा मागतो. आमच्या मते उत्तराची किल्ली तेथे आहे. ज्या हानीला प्रेत नसते, ती बहुधा न केलेल्या कृत्यांतूनच घडते: न विचारलेला प्रश्न, न वाचलेली सूचना, न उच्चारलेला शब्द. म्हणूनच ती आपल्या सदसद्विवेकाला टोचत नाही. भोपाळची १९८४ ची ती रात्र आपण विसरत नाही, कारण सकाळी रस्त्यांवर प्रेते पडली होती. अंड्यातच संपलेल्या जिवांची अशी सकाळ कधी उगवत नाही. रेचेल कार्सन या लेखिकेने १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात कॅनडातील मिरामिशी नदीची हकीकत सांगितली. १९५४ मध्ये तेथील जंगलावर विमानांतून डीडीटी फवारले गेले आणि त्या वसंतात जन्मलेली सामन माशांची पिले नाहीशी झाली. तेथे ते कळले, कारण अनेक वर्षे कोणीतरी पिलांची मोजदाद ठेवीत होते. जेथे कोणी मोजत नाही, तेथे काहीच घडलेले नसते, अशी आपली समजूत होऊन बसते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात सांगितले आहे, की जेथे गंभीर व न भरून येणाऱ्या हानीचा संभव दिसतो, तेथे निर्विवाद पुराव्याची वाट पाहत बसू नये. आपले कृत्य निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याचा भार करणाऱ्यावर असावा. हे तत्त्व आपण आपल्या अंगणापर्यंत आणू शकतो. ठाण्याच्या खाडीतील मासळी घटण्यास केवळ कीटकनाशके कारण आहेत, असे आमचे म्हणणे नाही. शहरांचे मैलापाणी, भराव, गाळ, बेसुमार मासेमारी अशी इतरही कारणे आहेत. पण इतर अपराधी आहेत म्हणून कोणाचाही स्वतःचा वाटा शून्य होत नाही.

मग करावे काय? बागायतदारांनी मापात फवारावे, पावसाच्या तोंडावर फवारू नये, पंप वाहत्या पाण्यात धुऊ नये. एवढे केले तरी जाळ्याच्या बंदीला वाडीची साथ मिळेल. सुशिक्षित तरुणांनी सांडपाण्याच्या कसोटीत अंडी व पिले यांचा समावेश व्हावा, अशी मागणी करावी. एकट्याने ते होणारे नाही, समाजाने करावे. तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०२२ मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्यांवर भरपाईची जबाबदारी टाकली. मासेमार समाज संघटितपणे उभा राहू शकतो, याचे ते उदाहरण आहे.

आणि त्या गृहस्थांना? त्यांना आम्ही नंतर एवढेच म्हणालो, की तुमचे पाप किती हे देव जाणतो. ते थोडे असावे असे आम्हांला वाटते. पण तुमच्यापाशी जे ज्ञान आहे ते आमच्यापाशी नाही. कोणते पाणी कोठे जाते, कसोटीच्या दिवशी काय होते आणि इतर दिवशी काय होते, हे तुम्ही पाहिले आहे. निवृत्तीनंतर ते ज्ञान बरोबर घेऊन गप्प बसलात, तर मात्र तुमचा हिशेब वाढेल. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “फादर, पोरगा अजून तिथंच कामाला आहे.” या वाक्यापुढे आम्हीही थोडा वेळ निरुत्तर झालो. बाहेरून उपदेश करणे सोपे असते, हे त्या क्षणी फार जाणवले. मग आम्ही त्यांना म्हणालो, की तुमच्या एकट्याच्या शिरावर हे ओझे टाकणे हेही आमचे न केलेले कृत्य ठरेल. तुम्ही बोलणार असाल तर धर्मग्राम तुमच्या शेजारी उभा राहिला पाहिजे. ते आश्वासन आम्ही दिले आहे आणि ते पाळण्यासाठी आम्हांला वाचकांचीही गरज लागणार आहे.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात एक दर्शन आहे. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाण्याचा झरा निघतो, वाढत वाढत त्याची नदी होते, ती मृत समुद्राला मिळते आणि ते मेलेले पाणी गोड होऊन मासळीने भरून जाते. कोळी काठावर उभे राहून जाळी वाळत घालतात. हे दर्शन आम्ही अनेकदा वाचले होते. ते पाणी मंदिराच्या उंबरठ्याखालून निघते, याकडे मात्र आमचे लक्ष आताच गेले. आमच्या चर्चच्या, आमच्या घरांच्या आणि आमच्या वाड्यांच्या उंबरठ्यांवरूनही पावसाचे पाणी वाहत जाते. यंदा मृग लागेल तेव्हा ते खाडीपर्यंत काय घेऊन जाते, हे प्रत्येकाने आपापल्या दारात उभे राहून एकदा पाहावे, एवढीच विनंती.